मनगटात जोर असताना : इराक २००३, एक प्रकरण अभ्यास

२३ मार्च २००३ हा रविवार होता आणि जोहान्सबर्गला विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका टीव्हीच्या दुकानासमोर गर्दी पार रस्त्यावर आली होती. ऑस्ट्रेलियाने दोन बाद ३५९ धावा काढल्यावर तिच्यातला अर्धा जीव गेला, आणि आपल्या डावाच्या पहिल्याच षटकात सचिन परतल्यावर दुकानदाराने वैतागून वाहिनी बदलली. पडद्यावर बगदाद आले : रात्र, हिरवट झाक, दूरवर उठणारे स्फोट. अमेरिकेने इराकवर हल्ला चढवल्याला तो चौथा दिवस होता. गर्दीत मागून कोणीतरी म्हणाले, "हितं पण मॅच एकतर्फीच हाय की." लोक हसले आणि दुकानदाराने पुन्हा क्रिकेट लावले.

'एकतर्फी' या शब्दाला मराठीत दोन अंगे आहेत. एका बाजूचे पारडे इतके जड असणे की निकाल आधीच ठरल्यासारखा असतो, हे एक. आणि दुसऱ्या पक्षाचे न ऐकता निर्णय होणे, हे दुसरे. प्रतिवादी हजर नसताना कोर्ट एकतर्फी हुकूमनामा करते, तो या दुसऱ्या अर्थाने. त्या गर्दीतल्या माणसाच्या मनात पहिला अर्थ होता आणि लढाईपुरता तो खरा ठरला. ९ एप्रिलला बगदाद पडले. राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला मी हे प्रकरण शिकवतो ते मात्र दुसऱ्या अर्थासाठी.

ज्या राष्ट्राला अडवू शकेल असे जगात कोणी उरलेले नाही, त्याने बळ वापरण्यापूर्वी इतरांना सोबत घ्यावे की स्वतःच्या हिमतीवर पुढे व्हावे, हा प्रश्न बहुधा नीतीच्या अंगाने विचारला जातो, आणि मग वर्गात दोन तट पडून तास संपतो. माझ्या मते तो त्याआधी माहितीचा प्रश्न आहे. दुबळे राष्ट्र चुकीच्या समजुतीवर पाऊल उचलू लागले तर कोणी ना कोणी त्याचा हात धरतो. सर्वांत बलवान राष्ट्राचा हात धरणारे कोणी नसते, त्यामुळे आपल्या समजुती तपासून घेण्याची त्याला एकच वाट उरते, ती म्हणजे ज्यांना आपल्याशी सहमत होण्याची सक्ती नाही अशा इतरांना त्या पटवून दाखवणे. इराककडे संहारक शस्त्रांचा साठा आहे, ही अमेरिकेची समजूत होती. ती तपासणारी यंत्रणा जागेवर होती, काम करत होती, आणि ती अर्ध्यावर थांबवण्यात आली.

आधीची लढाई, वर्गणीची

तुलनेसाठी बारा वर्षे मागे जावे लागते. २ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेन यांच्या सैन्याने कुवेत घेतले, तेव्हा ते सोडवण्याइतकी ताकद अमेरिकेकडे एकटीकडेही होती. तरीही थोरल्या बुश यांच्या सरकारने साडेपाच महिने जुळवाजुळवीत घालवले. सुरक्षा परिषदेने आक्रमणाचा निषेध त्याच दिवशी केला, चार दिवसांत आर्थिक निर्बंध लादले, आणि २९ नोव्हेंबरला ६७८ क्रमांकाचा ठराव १२ विरुद्ध २ मतांनी संमत करून इराकला १५ जानेवारी १९९१ पर्यंत मुदत दिली. क्युबा आणि येमेन विरोधात गेले, चीन तटस्थ राहिला. १७ जानेवारीला हवाई हल्ले सुरू झाले, २४ फेब्रुवारीला जमिनीवरची लढाई, आणि ती शंभर तासांत थांबली. तीसहून अधिक देश या ना त्या रूपाने त्या आघाडीत होते आणि त्यांत इजिप्त आणि सीरियासारखी अरब राष्ट्रेही होती.

आमच्या वर्गातल्या पोरांना यातला एक आकडा फार आवडतो. युद्धाचा खर्च सुमारे ६१ अब्ज डॉलर झाला आणि त्यातले सुमारे ५३ अब्ज इतरांनी दिले : सौदी अरेबिया, कुवेत, जपान, जर्मनी आणि काही इतर. "म्हणजे वर्गणी काढून लढाई केली," असे शाहूपुरीतल्या एका मंडळाचा कार्यकर्ता असलेला विद्यार्थी म्हणाला, आणि मला त्यात दुरुस्ती करावीशी वाटली नाही. वर्गणी जमा करायची तर पावतीपुस्तक दाखवावे लागते, मंडप केवढा आणि मिरवणूक कुठवर हे आधी सांगावे लागते, आणि सांगितले त्यापलीकडे गेलो तर पुढच्या वर्षी दार उघडत नाही. १९९१ च्या आघाडीला कुवेत सोडवण्यापुरती संमती होती. ती तिथेच थांबली, बगदादला गेली नाही.

या थांबण्याची किंमत मी वर्गात झाकत नाही. मार्च १९९१ मध्ये दक्षिणेतले शिया आणि उत्तरेतले कुर्द सद्दाम यांच्याविरुद्ध उठले, त्यांना बुश यांच्याच शब्दांनी हुरूप आला होता, आणि आघाडीचे सैन्य जवळ असताना ते उठाव चिरडले गेले. तसेच ती संमतीही सगळी मनापासूनची नव्हती. येमेनने विरोधी मत दिल्यावर त्याची सुमारे सात कोटी डॉलरची अमेरिकी मदत बंद झाली, आणि सौदी अरेबियाने तर त्याआधीच लाखो येमेनी कामगारांना घरी धाडायला सुरुवात केली होती. सहकार्य म्हणजे साधूसंतांची दिंडी, अशी समजूत करून घेऊन हे प्रकरण वाचायला बसू नये. भारतालाही त्या युद्धाची झळ बसली : कुवेतमध्ये अडकलेले सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीय विमानांनी परत आणावे लागले, आणि तेल महागल्याने आधीच खिळखिळी झालेली परकीय चलनाची गंगाजळी १९९१ च्या उन्हाळ्यात सोने गहाण ठेवण्यापर्यंत आटली.

सहा महिन्यांची पारख

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेला जगाची सहानुभूती न मागता मिळाली. दुसऱ्याच दिवशी नाटोने आपल्या इतिहासात पहिल्यांदा पाचवे कलम लागू केले, म्हणजे एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा मानला. सप्टेंबर २००२ मध्ये धाकट्या बुश यांच्या सरकारने नवे सुरक्षा धोरण जाहीर केले आणि धोका पूर्णपणे आकाराला येण्याआधीच, वेळ पडल्यास एकट्याने, कृती करण्याचा अधिकार त्यात मांडला. त्याच महिन्याच्या १२ तारखेला बुश संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे उभे राहिले आणि इराकचा प्रश्न त्यांनी परिषदेकडे नेला. या दोन गोष्टी एकाच महिन्यात झाल्या हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा गोंधळ उमगतो. प्रशासनातला एक गट संमती मिळवू पाहत होता आणि दुसऱ्याला ती केवळ उपचार वाटत होती.

८ नोव्हेंबर २००२ रोजी १४४१ क्रमांकाचा ठराव पंधरा विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. सीरियानेही होकार दिला. त्याने इराकला निःशस्त्रीकरणाची अखेरची संधी दिली, न पाळल्यास गंभीर परिणामांचा इशारा दिला, आणि १९९८ च्या डिसेंबरपासून बाहेर असलेले शस्त्रनिरीक्षक २७ नोव्हेंबरला पुन्हा कामाला लागले. सीमेवर अमेरिकी फौजांची जमवाजमव नसती तर सद्दाम यांनी त्यांना आत घेतले नसते, हे युद्धाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मला मान्य आहे. बळाचा धाक आणि अनेकांची संमती ही दोन्ही जोडून वापरली की काय साधते, याचा हा नमुना होता.

पुढचे साडेतीन महिने निरीक्षकांनी शेकडो ठिकाणे पाहिली. हान्स ब्लिक्स यांच्याकडे रासायनिक आणि जैविक शस्त्रे व क्षेपणास्त्रे होती, व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल् बरादेई यांच्याकडे अण्वस्त्रांचा भाग. ठरलेल्या पल्ल्यापेक्षा लांब जाणारी अल् समूद ही क्षेपणास्त्रे सापडली आणि १ मार्चपासून इराकने ती निरीक्षकांसमोर बुलडोझरखाली चिरडायला सुरुवात केली. साठवलेली संहारक शस्त्रे मात्र कुठेच सापडेनात. ७ मार्चला ब्लिक्स यांनी परिषदेला सांगितले की उरलेल्या कामाला वर्षे लागणार नाहीत, पण आठवडेही पुरणार नाहीत. काही महिने लागतील. त्याच बैठकीत अल् बरादेई यांनी, इराकने नायजरमधून युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केल्याची कागदपत्रे अस्सल नसल्याचे जाहीर केले. जगातल्या सर्वांत खर्चिक गुप्तचर यंत्रणेच्या हाती आलेला पुरावा बनावट आहे, हे व्हिएन्नातल्या एका तुलनेने छोट्या कार्यालयाने दाखवून दिले होते, आणि तेही युद्धाच्या तेरा दिवस आधी.

५ फेब्रुवारीचे दृश्य मी विद्यार्थ्यांना सावकाश सांगतो. परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सुरक्षा परिषदेत इराकविरुद्धचा पुरावा मांडणार होते. सभागृहाबाहेर, जिथे मुत्सद्दी थांबून पत्रकारांशी बोलतात, तिथे पिकासोच्या 'गेर्निका' या युद्धविरोधी चित्राची विणलेली प्रतिकृती टांगलेली असे; त्या दिवसांत तिच्यावर निळा पडदा सोडला होता. कॅमेऱ्यासाठी पार्श्वभूमी साधी हवी म्हणून, असे कारण दिले गेले. आत पॉवेल यांनी बोटभर कुपी हातात धरून एवढ्याशा पुडीने काय होऊ शकते ते दाखवले, आणि मालमोटारींवर चालणाऱ्या फिरत्या जैविक प्रयोगशाळांची चित्रे पडद्यावर टाकली. त्या प्रयोगशाळांची माहिती प्रामुख्याने 'कर्व्हबॉल' या टोपणनावाच्या एका इराकी निर्वासिताकडून आलेली होती. तो जर्मन गुप्तचरांच्या ताब्यात होता, त्याच्या भरवशाविषयी जर्मनांना शंका होती आणि ती त्यांनी अमेरिकेला कळवलीही होती. पुढे २०११ मध्ये त्याने स्वतःच कबूल केले की आपण ती कहाणी रचली.

माझा मुद्दा इथे सर्वांत उघडपणे दिसतो. जर्मनी युद्धाच्या विरोधात होती म्हणून तिचे राजकीय मत बाजूला ठेवले गेले, हे एक वेळ समजू शकते. पण त्या मताबरोबर तिच्याकडची माहितीही बाजूला पडली. जो आपल्या बाजूचा नाही त्याचे काहीच ऐकायचे नाही, अशी सवय जडली की त्याने सांगितलेली खरी गोष्टही विरोध म्हणूनच कानावर पडते.

दुसऱ्या ठरावासाठी अमेरिका, ब्रिटन आणि स्पेन यांनी खटपट केली. परिषदेतले सहा देश कुंपणावर होते : अंगोला, कॅमेरून, चिली, गिनी, मेक्सिको आणि पाकिस्तान. यांतल्या मेक्सिकोची बहुतेक निर्यात अमेरिकेला जाते आणि चिली तिच्याशी मुक्त व्यापाराचा करार करण्याच्या बेतात होता. १९९० चे येमेन कोणी विसरलेले नव्हते. तरीही होकार मिळेना. फ्रान्सच्या नकाराधिकाराची चर्चा तेव्हा फार झाली, पण नकाराधिकार वापरण्याची पाळी येण्यापूर्वीच ठराव संमत व्हायला लागणारी नऊ मते जमत नव्हती. १७ मार्चला ठराव मागे घेण्यात आला, त्याच दिवशी सद्दाम यांना ४८ तासांची मुदत दिली गेली आणि निरीक्षकांना बाहेर काढण्यात आले.

अंकाराची तीन मते

या प्रकरणातला माझा आवडता प्रसंग न्यूयॉर्कचा नाही, अंकाराचा आहे. इराकवर उत्तरेकडूनही चाल करण्यासाठी अमेरिकेला तुर्कस्तानातून सुमारे ६२ हजार सैनिक न्यायचे होते. मोबदल्यात अब्जावधी डॉलरची मदत देऊ केली होती, तुर्की सरकार अनुकूल होते आणि चौथ्या पायदळ डिव्हिजनची सामग्री भरलेली तीसहून अधिक जहाजे भूमध्य समुद्रात येऊन उभी होती. १ मार्च २००३ रोजी तुर्की संसदेत मतदान झाले. बाजूने २६४, विरुद्ध २५०, तटस्थ १९. बाजूची मते जास्त, म्हणून थोडा वेळ ठराव संमत झाला असेच लोकांना वाटले. मग कोणीतरी नियम काढला : हजर असलेल्यांच्या निम्म्याहून अधिक मते हवीत. ५३३ हजर होते, २६७ मते हवी होती. ठराव तीन मतांनी पडला.

जहाजे काही आठवडे तिथेच ताटकळली आणि शेवटी सुएझ कालव्यातून वळसा घालून कुवेतकडे निघाली. ती डिव्हिजन पोहोचेपर्यंत बगदादची मुख्य लढाई उरकत आली होती. दोन वर्षांनी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी, उत्तरेकडून उतरता आले असते तर पुढचा बंडावा एवढा माजला नसता, असे म्हणून दोष तुर्कस्तानवर ठेवला. मला त्यांच्या बोलण्यात नकळत दिलेली कबुली दिसते. आपल्याला कोणाच्या संमतीची गरज नाही असे मानून निघालेल्या राष्ट्राच्या आराखड्यातला अर्धा भाग दुसऱ्याच्या संमतीवर उभा होता. विमानतळ, बंदर, हवाई मार्ग, तेल भरण्याची सोय, यांतले काहीच एकट्याचे नसते. 'एकट्याने' हा शब्द इतक्या लांबच्या लढाईत मुळातच फारसा खरा नसतो.

जे सोबत आले त्यांच्याकडेही पाहायला हवे. व्हाइट हाउसने प्रसिद्ध केलेली इच्छुकांची यादी ४९ नावांपर्यंत गेली, तिच्यात स्वतःचे सैन्यच नसलेले कोस्टा रिका, आइसलँड आणि पलाऊ हेही होते. प्रत्यक्ष चढाईत अमेरिकेबरोबर दखल घेण्याजोगे सैनिक होते ते ब्रिटनचे सुमारे ४६ हजार, ऑस्ट्रेलियाचे दोन हजार आणि पोलंडचे सुमारे दोनशे. पोलंडचे नाव निघाले की कोल्हापुरातल्या वर्गाला वळिवडे आठवते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात तिथे राहिले. ज्या देशाने शेजारच्या बलाढ्य सत्तेकडून असे भोगले आहे, तो दूरच्या बलाढ्य मित्राला दोनशे सैनिक का देतो, हे त्या छावणीची गोष्ट ऐकलेल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पोलंडला इराकविषयीचा पुरावा पटला होता की नाही हे त्यात दुय्यम होते. त्याला रशियाच्या भीतीपोटी अमेरिका आपल्याशी बांधलेली हवी होती. अशा सोबतीतून बळ वाढते, पण पारख होत नाही.

हिशेब

युद्धापूर्वी सरकारमधून सांगितला गेलेला खर्च ५० ते ६० अब्ज डॉलरचा होता. शंभर ते दोनशे अब्ज असा अंदाज देणारे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे यांना २००२ च्या डिसेंबरात पद सोडावे लागले. २०११ पर्यंत अमेरिकी संसदेने इराकसाठी मंजूर केलेली रक्कम सुमारे ८०० अब्ज झाली, आणि या वेळी पावतीपुस्तक घेऊन जायला दारे फारशी नव्हती. सुमारे ४,५०० अमेरिकी सैनिक मेले. इराकी नागरिकांच्या मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या गणतीतला आकडा तेवढ्या काळात एक लाखाच्या पुढे गेला. शस्त्रे नव्हतीच, हे अमेरिकेनेच नेमलेल्या पाहणी पथकाने २००४ मध्ये सांगितले. ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीने २०१६ मध्ये नोंदवले की शांततेचे मार्ग संपलेले नसताना युद्ध केले गेले.

मे २००३ मध्ये इराकमधल्या अमेरिकी ताबा प्रशासनाने आधी सद्दाम यांच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरातल्या लोकांना सरकारी नोकरीतून काढले आणि आठवड्याभरात सगळे इराकी सैन्यच बरखास्त केले. लाखो माणसे, हाताशी बंदुका, घरी पगार नाही. आमच्याकडे गिरणी बंद पडली की गावाचे काय होते ते पाहिलेल्या कोणालाही पुढचे सांगता आले असते. हे निर्णय घेताना वॉशिंग्टनमधल्याच अनेकांना नीट विचारले गेले नव्हते, मग मित्रदेशांची गोष्ट दूरच. एकतर्फीपणाची सवय देशाच्या सीमेवर थांबत नाही, ती घरातही शिरते. जनरल एरिक शिन्सेकी यांनी फेब्रुवारीत संसदेला सांगितले होते की ताब्यासाठी काही लाख सैनिक लागतील. संरक्षण खात्याच्या वरिष्ठांनी तो अंदाज जाहीरपणे उडवून लावला होता.

१९ ऑगस्टला बगदादमधल्या कनाल हॉटेलला लागून स्फोटकांनी भरलेल्या मालमोटारीचा स्फोट झाला आणि संयुक्त राष्ट्रांचे दूत सर्जिओ व्हिएरा द मेल्लो यांच्यासह बावीस जण ठार झाले. ज्या संस्थेला बाजूला सारून युद्ध झाले तिलाच नंतर घडी बसवायला बोलावले होते, आणि तिथल्या बॉम्ब ठेवणाऱ्याला निळा झेंडा आणि ताबा घेणारी फौज यांत फरक दिसला नाही.

वर्गातल्या हरकती

पहिली हरकत नेहमी तालमीत जाणाऱ्यांकडून येते. "सर, ज्याच्या मनगटात जोर आहे त्यानं पंचांची वाट कशाला बघायची?" मी त्याला खासबागेत घेऊन जातो, बोलण्यापुरता. पंच नसताना केलेल्या कुस्तीत समोरचा चितपट झाला तरी त्याच्या गावाला ते मान्य नसते. ती कुस्ती निकाली ठरत नाही, आणि मग मैदानाबाहेर जे सुरू होते त्याला डावपेचांचे नियम नसतात. शिवाय पंच फक्त हरणाऱ्यासाठी नसतो. समोर उभा आहे तो पैलवान खरोखर नाव नोंदवलेलाच आहे ना, हेही तोच पाहतो. इराकमध्ये नेमके हेच पाहायचे राहिले.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. १९९४ मध्ये रवांडात कत्तल चालू असताना संयुक्त राष्ट्रांनी आपले तिथले दल वाढवण्याऐवजी कमी केले. १९९९ मध्ये कोसोव्होसाठी नाटोने सुरक्षा परिषदेच्या मंजुरीविनाच बॉम्बफेक केली, कारण रशिया ती मिळू देणार नव्हता. सगळ्यांची संमती मिळेपर्यंत थांबायचे, तर काही वेळा माणसे मरेपर्यंत थांबायचे असा त्याचा अर्थ होतो. याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणेन की रवांडात काय चालले आहे याविषयी कोणाचे दुमत नव्हते, इच्छा नव्हती. इराकमध्ये इच्छा उदंड होती आणि वस्तुस्थितीविषयीच दुमत होते. दुसऱ्या प्रकारच्या प्रसंगी थांबण्याचा फायदा थांबण्याच्या तोट्यापेक्षा मोठा असतो, कारण जाणाऱ्या प्रत्येक आठवड्यात माहिती वाढते. मार्च २००३ मध्ये ती दर आठवड्याला वाढतच होती.

तिसरी हरकत आपल्या घरातली. ७ डिसेंबर १९७१ रोजी आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदीची मागणी केली आणि भारताने ती मानली नाही. मग आपण कोणत्या तोंडाने बोलावे? हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी पूर्ण गुण देतो. त्या प्रसंगात जवळजवळ एक कोटी निर्वासित भारतात आलेले होते, म्हणजे पुरावा मोजायला निरीक्षक लागत नव्हते. इंदिरा गांधींनी आणि त्यांच्या मंत्र्यांनी त्या वर्षी अनेक राजधान्या पालथ्या घातल्या होत्या. ऑगस्टमध्ये सोव्हिएत युनियनशी मैत्रीचा करार केला होता. आणि ढाक्याचे शरणागतीपत्र भारत आणि बांगलादेश या दोघांच्या संयुक्त सेनेपुढे लिहून दिलेले आहे. मार्च १९७२ मध्ये भारतीय सैन्य बाहेर पडले. तेव्हा १९७१ हे एकट्याच्या मनगटाचे उदाहरण म्हणून वापरताना मी तरी सावध राहीन. पण १०४ हा आकडा आहे तसा आहे, आणि तो पाठ्यपुस्तकात असावा.

सरतेशेवटी कोणीतरी वारणेचा तह काढतोच, आणि कोल्हापुरात तो निघणे साहजिक आहे. १७३० मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शाहूंच्या फौजेने कोल्हापूरच्या संभाजीराजांचा पराभव केला होता. पन्हाळ्याची गादी बुडवणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी १७३१ मध्ये तह केला, वारणा ही हद्द ठरवली, तुंगभद्रेपलीकडे मिळेल ते निम्मे निम्मे वाटून घेण्याचे मान्य केले आणि एकमेकांचे चाकर आश्रयाला ठेवायचे नाहीत असे लिहून दिले. भाऊबंदकीचा तह आणि परराष्ट्रनीती यांची बरोबरी करू नये हे खरे. तरी जिंकलेल्याने स्वतःचेही हात कागदावर बांधून घेतले, हे त्यातले कलम मला महत्त्वाचे वाटते. त्या तहाने मान्य झालेले कोल्हापूरचे राज्य १९४९ पर्यंत टिकले.

दिल्लीला आलेली मागणी

८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने इराकवरील हल्ल्याविषयी एकमुखी ठराव केला. अध्यक्षस्थानी मनोहर जोशी होते. आधीचे काही दिवस घोळ एका शब्दावर चालला होता. विरोधकांना कडक शब्द हवा होता, सरकारला अमेरिकेशी जुळत आलेले संबंध बिघडवायचे नव्हते. तोडगा निघाला तो असा की हिंदी ठरावात 'निंदा' आला आणि इंग्रजीत त्याहून मऊ, खेद व्यक्त करणारा शब्द आला. मराठी वर्तमानपत्रांनी त्याचे कोणी 'निंदा' केले, कोणी 'निषेध'. दोन भाषांत दोन पट्ट्यांतला आवाज लावणे ही दुबळ्याची मुत्सद्देगिरी आहे असे मला तेव्हा वाटले होते. आता तसे वाटत नाही.

उन्हाळ्यात अमेरिकेने भारताकडे एक पूर्ण डिव्हिजन मागितली, सुमारे सतरा हजार सैनिक, उत्तर इराकसाठी. जे काम वर्गणीतून झाले असते ते आता मजुरीवर द्यायची वेळ आली होती. दिल्लीत दोन्ही बाजूंनी जोरदार मते होती, आणि पाठवावे म्हणणारे मूर्ख नव्हते. महासत्तेची गरज ही सौदा करण्याची वेळ असते. १४ जुलै रोजी वाजपेयी सरकारच्या सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने नकार दिला आणि पुस्ती जोडली की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करता येईल. चार महिन्यांपूर्वी जो कागद अनावश्यक ठरवला गेला होता, तोच आता मदत मागताना आडवा आला.

त्या जुलैत मी शिरोळ तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो, नात्यातल्या कामासाठी. घरमालक मराठा रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सैन्य जाणार की नाही हीच चर्चा चालू होती. त्यांनी आतून एक डबी आणली. तिच्यात काळवंडलेले पितळी रंगाचे पदक होते, पहिल्या महायुद्धातले, आजोबांचे. पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी १९१५-१६ मध्ये मेसोपोटेमियात होत्या, कूट अल् अमाराच्या वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलेल्यांत आपल्याकडची माणसे होती, आणि पुढच्या वर्षी बगदाद घेतल्यावर इंग्रज सेनापतीने जाहीर केले होते की आम्ही जिंकायला आलो नाही, सोडवायला आलो आहोत. त्यांच्या आजोबांना यातले किती ठाऊक होते कोण जाणे. घरात फक्त 'आजा बसऱ्याला गेलता' एवढेच सांगत. सुभेदारांनी पदकाच्या कडेवर कोरलेले नाव अंगठ्याने पुसून वाचले, डबी बंद केली आणि म्हणाले, "त्याला कुणी इचारलं नव्हतं. ह्या बारीला निदान दिल्लीला तरी इचारलं."